मुकादमाच्या पेटीतला थर्मामीटर

मित्रांनो, ज्या काचेच्या पेटीला मी चिकटलेलो आहे, तिच्यात आता कोणी राहत नाही. आत वाळू आहे, एक वाकडे लाकूड आहे, पाण्याची कोरडी वाटी आहे आणि एक दगड आहे. तरी मी मोजतोच आहे. मी जुना थर्मामीटर आहे. मला दुसरे काही येत नाही, आणि जे येते त्याचे एके काळी फार कौतुक झाले. त्या कौतुकाचे पुढे काय झाले, ते तुम्हांला सांगायचे आहे.

आधी जन्माचे सांगतो, कारण तेवढे सुंदर होते. तापून मऊ झालेल्या काचेच्या गोळ्यात हवेचा एक बुडबुडा धरतात. मग दोन कामगार तो गोळा दोन बाजूंनी पकडतात आणि एकमेकांपासून दूर चालत जातात. काच लांबत जाते. तिच्याबरोबर बुडबुडाही लांबत जातो, केसाहून बारीक होईपर्यंत. माझ्या पोटातली नळी म्हणजे तो ताणलेला बुडबुडा. खालच्या टोकाला फुंकून फुगा केला, त्यात लाल रंग दिलेले स्पिरिट भरले, वरचे तोंड वितळवून बंद केले. मग मला बर्फ आणि पाणी कालवलेल्या भांड्यात उभे केले. लाल धागा खाली खाली गेला आणि थांबला. तिथे एका बाईंनी रेघ मारली. ते माझे शून्य. रेघ मारून झाल्यावर त्या शेजारणीला म्हणाल्या, "शून्य नीट लागलं की बाकीचं आपोआप नीट लागतं."

मीही बरीच वर्षे तसेच समजत होतो.

माझी अक्कल थोडी आहे. आतले स्पिरिट गरम झाले की फुगते, गार झाले की आकसते; मी त्याच्याबरोबर चढतो आणि उतरतो. मी जिथे टांगलेला असतो तिथल्या हवेचे मी खरे सांगतो. चार बोटे पलीकडे काय चालले आहे, ते मला कळत नाही. मित्रांनो, हे वाक्य लक्षात ठेवा. ते माझ्या मालकाने ठेवले नाही.

माझा मालक एका शीतगृहात मशिनरूमचा ऑपरेटर होता. शीतगृह म्हणजे मोठमोठ्या गार खोल्या. त्यांत बटाट्यांची पोती आणि सफरचंदांच्या पेट्या महिनोन्‌महिने पडून असत. खोल्या गार ठेवणारी यंत्रे तो चालवी. हमाल त्याला 'बर्फ' म्हणत. हे नाव त्याच्या कामावरून पडले होते की स्वभावावरून, यावर हमालांत एकमत नव्हते. खोलीच्या जाड दाराला वहीच्या पानाएवढी काच होती आणि मी काचेच्या आतल्या बाजूला टांगलेला होतो. तो बाहेरून बघे, मान हलवी आणि पुढच्या खोलीकडे जाई. दार उघडणे त्याला आवडत नसे. दार उघडले की गारवा निसटतो, म्हणून जे बघायचे ते बाहेरून बघायचे, असा त्याचा नियम होता. कोणी नवा माणूस पोत्यात हात घालून बटाटे चाचपू लागला, तर तो त्याला थांबवी. "हवा सांभाळ. माल आपोआप सांभाळला जातो."

तिथे हे बरोबरच होते. बटाटा स्वतः फारशी ऊब तयार करत नाही. तो ज्या हवेत पडून राहतो, काही दिवसांनी तसाच होतो. हवा चार अंश, तर बटाटाही चार अंश. मला विचारले काय आणि बटाट्याला विचारले काय, उत्तर एकच.

माझ्या आयुष्यातला सर्वांत मोठा दिवस त्याच खोलीत आला. शीतगृहाच्या मालकाने नवे इलेक्ट्रॉनिक यंत्र आणून बसवले. आकडे हिरवे, लांबूनही दिसणारे. ते यंत्र सांगे की खोली ठीक आहे. मी सांगत होतो की खोली तापते आहे. सगळे माझ्याकडे बघून हसले. ऑपरेटर हसला नाही. त्याने चहाच्या मगात बर्फाचा चुरा आणि पाणी घेतले, त्यात मला आणि त्या यंत्राची वायर एकदमच बुडवली आणि हाताची घडी घालून उभा राहिला. मी शून्यावर जाऊन थांबलो. यंत्र शून्याच्या बरेच खाली जाऊन थांबले. बर्फ खोटे बोलत नाही. खोलीभर बटाटे वाचले. ऑपरेटरने मला स्वतःच्या शर्टाला पुसले आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "हा कधी चुकत नाही."

मित्रांनो, माणसाने एखाद्याबद्दल असे म्हणू नये. ज्याच्याबद्दल म्हणतो त्याला ते सुखाचे वाटते, आणि जो म्हणतो तो पुढे विचार करायचा थांबतो. त्या मगात मी बरोबर आहे की नाही, एवढे सिद्ध झाले होते. मी बरोबर जागी आहे की नाही, याची परीक्षा बर्फात होत नाही.

पुढे चांगली यंत्रे आली आणि मी खिळ्यावरून खणात गेलो. खणात मोडके पाने होते, गंजलेल्या किल्ल्या होत्या आणि मी. किती काळ गेला सांगता येत नाही; खणात दिवस मोजायचे साधन नव्हते. एके दिवशी ऑपरेटरने खण उघडला, मला पुसले आणि शर्टाच्या खिशात घालून घरी नेले. घरातल्या खिडकीजवळ टांगले. मला वाटले, आता म्हातारपण सुखात जाईल.

घर दोन खोल्यांचे होते आणि त्यात तो एकटा राहत होता. त्याची बायको त्यांच्या मुलीला घेऊन दुसऱ्या घरी राहायला गेली होती. भांडण म्हणावे असे काही झालेच नव्हते. मुलीच्या आईचे म्हणणे एवढेच होते की हा माणूस घरातल्यांनासुद्धा दारातल्या काचेतून बघतो. रोज संध्याकाळी येतो, "सगळं ठीक ना?" विचारतो, "ठीक" ऐकतो आणि मान हलवून पुढे जातो. एकदा ती तापाने फणफणलेली असतानाही तिने सवयीने "ठीक" म्हटले होते आणि त्याने मान हलवली होती. हे तिने नंतर बऱ्याच जणांना सांगितले. त्यालाही सांगितले.

मुलीला तो ठकू म्हणे. ती शनिवारी येई आणि रविवारी परत जाई. सुरुवातीला ती सकाळी येत असे. मग दुपारी येऊ लागली. मग तिच्या दप्तरातून फक्त एक पुस्तक निघे आणि ते वाचून संपले की ती घड्याळाकडे बघे. तिचे खरे होते. त्या घरात बघण्यासारखे मी सोडून काही नव्हते.

एका शनिवारी मात्र ती पायऱ्या धावत चढली. तिच्या मैत्रिणीचे कुटुंब परगावी चालले होते आणि त्यांच्याकडे पाळलेला एक सरडा होता. वाळवंटातल्या जातीचा, हातभर लांब, हनुवटीखाली काट्यांची दाढी असलेला. तो कोणाला तरी द्यायचा होता. आईने साफ सांगितले होते की तिच्या घरात सरपटणारे काही येणार नाही. ठकूने हे सगळे एका दमात सांगितले आणि बापाकडे बघितले.

इथे तुम्हांला एक गोष्ट माहीत असायला हवी. ऑपरेटर पालीला घाबरत असे. एकदा मशिनरूममध्ये पाल निघाली, तेव्हा त्याने लांब काठीने दुरूनच बटणे दाबली होती. हमालांचा मुकादम तेव्हा म्हणाला होता, "दिवसभर गारठ्यात उभा राहतो, आणि चार बोटांची पाल बघून याला घाम फुटतो."

तो ऑपरेटर मुलीला म्हणाला, "आण की. इथे ठेवू."

त्याने 'हो' का म्हटले, हे मला समजायला वेळ लागला नाही. सरडा इथे राहिला, तर त्याला बघायला कोणीतरी इथे येणार होते.

तर तो आला. काचेची पेटी आली, तिच्यावर जाळीचे झाकण, झाकणाला उजेडाची नळी. आणि एक दगड आला. तो खरा दगड नव्हता. दगडासारखा दिसणारा ओतीव गोळा होता आणि त्याच्या पोटात तापणारी तार होती. बाहेर एक फिरवायचे बटण. सरड्याने त्यावर बसून ऊब घ्यायची. ठकूने बापाला समजावले की सरड्याच्या अंगात आपल्यासारखी ऊब तयार होत नाही, ती त्याला बाहेरून घ्यावी लागते. ऊब नसेल तर खाल्लेलेसुद्धा पचत नाही. बाप म्हणाला, "म्हणजे बटाट्यासारखं." ती हसली. त्या घरात बऱ्याच दिवसांनी कोणी हसले होते, म्हणून ती चूक कोणी दुरुस्त केली नाही.

सरडा दिवसभर दगडावर बसे आणि कोणी समोर आले की गंभीरपणे मान खालीवर करी, जणू काम झाले का म्हणून विचारतो आहे. ऑपरेटर म्हणाला, "दिवसभर एक मुकादम, घरी आलो की दुसरा." त्या दिवसापासून त्याचे नाव मुकादम.

मला पेटीच्या काचेवर आतल्या बाजूने चिकटवलेल्या रबरी टोपीच्या आकड्याला अडकवले. कोणत्या उंचीवर? ऑपरेटरच्या डोळ्यांच्या उंचीवर. तो खुर्चीत बसला की त्याला मी नीट दिसावा आणि झाकण उघडावे लागू नये. झाकण उघडले की ऊब निसटते. नियम तोच, फक्त उलटा.

ठकू आता शनिवारी सकाळीच येऊ लागली. बुधवारीही शाळा सुटल्यावर यायची. मुकादमाला ती हातावर घेई, खांद्यावर बसवी, त्याच्या दाढीखाली बोट फिरवी. बाप खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभा राहून बघे. बाकीचे दिवस चारा-पाण्याचे काम त्याच्याकडे होते. पालेभाजीची पाने तो मशिनरूममधल्या लांब चिमट्याने आत सोडी आणि हातात बर्फाच्या कामाचा कातडी मोजा घाली. खायला जिवंत रातकिडे टाकायचे असत, तेव्हा तोंड वळवून डबी उपडी करी. निम्मे किडे खोलीत पसरत. त्यातला एक आठवडाभर कपाटामागे गात होता.

पण माणूस कशालाही सरावतो. काही दिवसांनी मोजा गेला. मग चिमटा आखूड झाला. मग तो खुर्ची पेटीसमोर ओढून तिथेच जेवू लागला. कामावरून आल्यावर म्हणे, "मुकादम, हजेरी लावा." सरडा मान हलवी. त्या घरात 'ठीक ना?' याचे उत्तर न देणारा तो पहिलाच होता, आणि ऑपरेटर त्याच्याशी जितके बोलला तितके मी त्याला कोणाशी बोलताना ऐकले नव्हते. मशिनचा पट्टा तुटल्याचे त्याने त्याला सांगितले. ठकूचे दात तिच्या आजीसारखे आहेत, हेही सांगितले.

एकच गोष्ट राहिली होती. त्याने मुकादमाला कधी हात लावला नाही. पेटी साफ करायची असली की ठकू सरड्याला बाहेर काढून धरी आणि मग तो वाळू बदली. ती म्हणे, "बाबा, एकदा हात लावून बघ ना. लिबलिबीत नसतो तो. जुन्या पाकिटासारखा लागतो."

"पुढच्या शनिवारी," तो म्हणे.

ती हे चेष्टेने घेई. येताच विचारी, "हा पुढचा शनिवार आहे का?" तो म्हणे, "नाही, हा हाच आहे."

मग थंडी पडली, आणि त्याच सुमारास ठकूची परीक्षा आली. आईने सांगितले की परीक्षा संपेपर्यंत येणे-जाणे बंद. ठकूने फोनवर बापाला बजावले की मुकादमाला गार पडू देऊ नकोस, गरम बाजूला तीस-बत्तीसच्या आसपास असायला हवे. बाप म्हणाला की काळजी करू नकोस, ऊब-गारवा हा आपला धंदा आहे.

त्या दिवशी मी वीस दाखवत होतो. खरेच तेवढे होते. खिडकीच्या फटीतून वारा येत होता आणि काच गारठली होती. त्याने दगडाचे बटण एक घर पुढे केले. मी थोडा चढलो. त्याने आणखी एक घर पुढे केले. मी आणखी थोडा चढलो. एवढासा दगड, त्याने पेटीभर हवा तापवायची. जाळीतून निम्मी ऊब वर निघून जात होती. त्याने पेटीभोवती जुने ब्लँकेट गुंडाळले, समोरून फक्त माझ्यापुरती फट ठेवली आणि बटण शेवटपर्यंत फिरवले. दुसऱ्या दिवशी मी तीसवर पोचलो.

त्याला झालेला आनंद मी पाहिला आहे. बटाटे वाचले होते त्या दिवशीही तो इतका खूश नव्हता. त्याने लगेच फोन केला.

"तीस आहे बघ. बाहेर दात वाजतायत, पण मुकादम मजेत. दगडावरून उठतच नाही."

ठकूने विचारले, "मधूनमधून उतरतो ना?"

"उतरतो की," बाप म्हणाला.

तो दिवसभर कामावर असे. त्याला माहीत नव्हते. पण विचारणाऱ्याला बरे वाटेल ते उत्तर द्यायची त्या घराला जुनी सवय होती.

मित्रांनो, आता मी जे सांगतो ते मला नंतर समजले. तेव्हा मी काचेवर होतो आणि मला काचेपुरतेच कळत होते. सरड्याला पाठीवर गार हवा लागत होती आणि पोटाखाली तापलेला दगड. सगळे अंग हवे तेवढे गरम होत नाही, तोवर तो उबेच्या जागेवरून हलत नाही. पोट भाजते आहे, हे त्याला वेळेवर उमगत नाही. त्यांची जात उन्हात वाढली. ऊन वरून येते, आणि चटका बसला की सावली शोधायची, हे त्यांना कळते. पोटाखाली विस्तव ठेवणारे माणूस त्यांच्या रानात नव्हते. मुकादम दगडाला चिकटून राहिला. त्याने पाला खाणे सोडले. ऑपरेटरला वाटले, गारठ्याने भूक गेली असेल. त्याने ब्लँकेटवर आणखी एक चादर घातली.

आणि मी तीस दाखवत राहिलो. खोटे नाही. तीसच होते.

परीक्षा संपली त्या दुपारी ठकू घरी न जाता थेट इकडे आली. शनिवार नव्हता. बापाची त्या दिवशी सुट्टी होती. त्याने दार उघडले तेव्हा त्याचा चेहरा इतका उजळला की तो तिला आत ये म्हणायलाही विसरला. ती दप्तर टाकून पेटीकडे गेली. चादर काढली, ब्लँकेट काढले, झाकण उघडले आणि मुकादमाला उचलण्यासाठी तिने हात खाली घातला. तो तिने लगेच मागे घेतला.

"बाबा, हा दगड भाजतोय."

मग तिने त्याला पाठीवरून अलगद उचलून उताणा केला. त्याच्या पोटाचे मी वर्णन करणार नाही. ती ओरडली नाही. तिने गळ्यातला रुमाल काढून त्याला गुंडाळले आणि बापाकडे न बघता म्हणाली, "चल."

निघताना ऑपरेटर मागे वळला. त्याने मला आकड्यावरून काढले आणि शर्टाच्या खिशात घातले. मला वाटले, बटाट्यांच्या वेळेसारखे पुन्हा माझेच बरोबर ठरायचे आहे.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात कुत्र्यांची रांग होती. सरडा म्हटल्यावर त्यांनी आधी आत घेतले. त्यांनी दिव्याखाली त्याचे पोट तपासले. मग हात धूत म्हणाल्या की कातडी खोलवर जळली आहे. जगेल बहुतेक, पण रोज मलम-पट्टी लागेल, रोज हातात धरून, काही महिने. हे एका दिवसात झालेले नाही, असेही त्या म्हणाल्या.

ऑपरेटरने मला खिशातून काढून टेबलावर ठेवले. "तीसच्या वर गेलेलं नाही, बाई. रोज बघत होतो. हा बर्फात घालून तपासलेला आहे. हा चुकत नाही."

"कुठे लावला होता?"

"काचेवर."

डॉक्टरीणबाईंनी मला उचलले, बघितले आणि परत ठेवले. "सरडा काचेवर राहत नव्हता," त्या म्हणाल्या. "दगडाला एकदा तरी हात लावला होता का?"

मला त्या टेबलावर तेवीस अंश होते आणि मी तेवीस दाखवत होतो. त्या खोलीत माझ्याइतके बरोबर कोणी नव्हते, आणि माझ्याइतके निरुपयोगीही.

"बाबा, तो खिशात ठेव," ठकू हळूच म्हणाली. तिला रागाने बोलता आले असते, तर त्याला बरे वाटले असते.

तो म्हणाला की पट्टी मी करीन, रोज, अगदी वेळच्या वेळी. ठकूने त्याच्याकडे बघितले आणि विचारले, "तू त्याला हात लावशील?"

यात टोमणा नव्हता. तिला खरेच माहीत करून घ्यायचे होते. ऑपरेटरने हात पुढे केला. मधेच तो थांबला, पुन्हा पुढे गेला आणि त्याने एक बोट मुकादमाच्या पाठीवर ठेवले. सरड्याने डोळे मिटले. बोट तिथेच राहिले. "खरंच," तो म्हणाला, "पाकिटासारखा लागतो."

पण तोवर ठकूने आईला फोन केलेला होता.

तिची आई शाळेच्या बसवर लहान मुलांना चढवण्या-उतरवण्याचे काम करी. ती तशीच, बसचे निळे जाकीट अंगात घालून आली. रडणारी, ओकणारी, झोपाळलेली मुले दिवसभर उचलून तिच्या हातांना सवय झालेली होती. तिने मुलीला जवळ घेतले. मग जाकिटाच्या बाह्या वर सारून, दोन्ही हात पुढे करून म्हणाली, "दे इकडे." सरडा तिच्या कुशीत गेला. तिच्या अंगावर काटा आला, मी पाहिला, मनगटापासून कोपरापर्यंत. पण तिने हात आवळला नाही आणि सैलही सोडला नाही.

"मी नेते याला," ती म्हणाली. "रोजची पट्टी आहे. आम्ही दोघी करू."

ऑपरेटर म्हणाला, "पण तुझ्या घरात चालत नाही ना?"

"चालत नव्हतं," ती म्हणाली.

एवढेच. त्या दोन शब्दांत तो जे मिळवून बसला होता ते सगळे दुसऱ्या घरी गेले. तिने ते हिसकावून घेतले, असे मी म्हणणार नाही. ते त्याच्या हातून निसटले, आणि तिने खाली पडण्याआधी झेलले.

मुकादम जगला. त्याच्या पोटावर डाग राहिला आहे, असे ठकूने फोनवर सांगितले. पहिले काही शनिवार ती आली. तिच्या बोलण्यात मुकादमच असे. आता तो आईच्या मांडीवर बसून खातो, आईने त्याच्यासाठी खिडकीतल्या उन्हात फळी बसवली आहे, आई म्हणते हा माझ्या बसमधल्या मुलांपेक्षा शहाणा आहे. बाप मान हलवी. मग पट्टीची वेळ जुळेना. मग क्लास लागला. आता फोन येतो.

"सगळं ठीक ना?" तो विचारतो.

"ठीक," ती म्हणते.

मी खिळ्यावरून, खिशातून, खणातून खूप आकडे पाहिले आहेत. इतका खोटा आकडा दुसरा नाही. तरी तो मान हलवतो.

मला त्याने पुन्हा पेटीच्या काचेवर लावले. का, ते त्याने सांगितले नाही. मागच्या शनिवारी दुपारी त्याने पेटीचे झाकण उघडले, दगडाचे बटण शेवटपर्यंत फिरवले आणि खुर्चीत बसून राहिला. मी हळूहळू चढलो. बऱ्याच वेळाने त्याने बाही वर केली, हात आत घातला आणि तळवा दगडावर ठेवला. काढला नाही. त्याच्या जबड्याची शीर उभी राहिली, डोळ्यांत पाणी आले. मी त्याच्या मनगटापासून वीतभर अंतरावर होतो आणि आल्हाददायक तापमान दाखवत होतो. शेवटी त्याने हात काढला, लाल तळव्याकडे बघितले, मग माझ्याकडे बघितले. मला वाटले, तो मला फोडेल. त्याने फक्त बटण बंद केले.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी म्हणतात की आम्हांला जपा, आम्हांला विसरू नका. मी तसे काही मागत नाही. माझे जपणे पुष्कळ झाले. तुमच्या घरी एखादा मुका जीव असेल, किंवा बोलता येत असूनही 'ठीक' एवढेच म्हणणारे कोणी असेल, तर त्याच्याभोवतीची हवा मला विचारून थांबू नका. झाकण उघडा. थोडी ऊब निसटली तर निसटू द्या. तो जिथे पोट टेकतो तिथे तुमचा तळहात टेकून बघा, आणि ते आजच करा. पुढचा शनिवार येईलच, असे नाही.

आज खोलीत अठरा अंश आहेत. मी अठरा दाखवतो आहे. अगदी बरोबर दाखवतो आहे.